रविवारचा चहा, तुकडे चारशे

सोमवार, १ ऑक्टोबर १९३४

आलो बाई एकदाचे! गाडीत पर्सीने एकदाही आरडाओरडा केला नाही. समोरच्या म्हातारीने दिलेली पेपरमिंटची गोळीसुद्धा मुकाट्याने चघळली. स्टेशनवर कारखान्याचे मालक मिस्टर हॅनाफर्ड स्वतः हातगाडी घेऊन हजर. बुटके, टकले, भुवयांत लाकडाचा भुसा. पहिल्याच वाक्यात म्हणाले की, मिस क्रोकर, सामान एवढंच होतं तर मी उगाच ही गाडी ढकलत आणली. मला हसू फुटलं. किती महिन्यांनी!

कारखाना म्हणजे एक लांबट शेड, वर आमच्या दोन खोल्या. खिडकीतून मान काढून जरा वाकलं की समुद्र दिसतो. शेगडी धूर करत नाही. चार वर्षांत सात घरं बदलली, आणि प्रत्येक घरमालकिणीचं तेच रडगाणं की तुमचे भाऊ फार ओरडतात हो. इथे खाली दिवसभर करवत चालते, पर्सीचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार? भाऊ फ्रान्सच्या लढाईवरून परत आला तो असाच आला, छत्तिशीचा आहे, कोणाच्या अंगावर जात नाही, हे मी हॅनाफर्डना आधीच लिहिलं होतं. त्यांनी उलट टपाली कळवलं की दोघेही या.

ही जागा टिकवायची आहे. ही गेली तर डॉक्टर पर्सीला त्या उंच भिंतींच्या इस्पितळात घालणार, तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. आणि मी आईला मरताना शब्द दिलाय की त्याला कुठे टाकणार नाही.

संध्याकाळी आईच्या पिवळ्या किटलीत चहा केला. झाकणाचा टवका जुनाच आहे, प्रवासातला नाही. वास काढत कारखान्याचं मांजर वर आलं. काळं, लठ्ठ, गळ्याशी पाद्र्यासारखा पांढरा पट्टा, म्हणून नाव बिशप. पर्सीने आपल्या ताटलीतला अर्धा मासा त्याला दिला.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

पाठीचा काटा ढिला झाला. सकाळी नऊपासून टेबलावर वाकलेली आहे.

क्लब हॅनाफर्डच्या वडिलांनी काढला. सातशे डबे, सगळे लाकडी जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून चित्र करायची कोडी. सभासद टपालाने डबा मागवतात, जुळवतात, परत धाडतात, पुढचा मागवतात. डब्यावर चित्र नसतं. नुसतं नाव आणि तुकड्यांची संख्या. काय आहे ते जुळवता जुळवता कळावं, त्यातच खरी मजा, असं सभासदांचं म्हणणं. मजा त्यांची, डोळे माझे! परत आलेला प्रत्येक डबा मला पुरा जुळवून बघावा लागतो. पुरा असेल तर झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर तारीख आणि सही. तुकडा हरवला असेल तर हॅनाफर्ड त्या जागेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतात, आकार उतरवतात, आणि पायाने चालवायच्या करवतीवर नवा तुकडा कापून रंगवतात. नवा कुठला, ते मलासुद्धा ओळखू येत नाही.

तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते शेजारी टेकतात. बाही लागली की अर्ध्या तासाचं काम गेलं. काल मी शिंकले आणि आख्खं जहाज बुडालं. पर्सीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तोफ डागली. नंतर म्हणाला की मेब, यापुढे शिंकायचं असेल तर गावात जात जा.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

दहा दिवसांत बावीस डबे. आकाशाचा मला वीट आलाय. ज्याने पहिल्यांदा दीडशे तुकड्यांचं नुसतं निळं आकाश कापलं त्याला त्याच्याच आकाशात बसवायला हवं, जुळवत. आणि सभासदांची नाटकं! एका बाईंनी लिहिलंय की आमच्या कुत्र्याने एक तुकडा गिळला आहे, वाट पाहतो आहोत, आला की धाडतो. एका कर्नलसाहेबांनी तुकडा बसेना म्हणून चक्क चाकूने तासला.

तरी खोटं कशाला बोलू, सुख आहे यात. तासभर हातात फिरवलेला तुकडा अचानक आपल्या जागी जातो, बारीकसा टक् आवाज होतो, आणि मानेतली कळ क्षणभर विसरते. पर्सीचे हात तर फक्त तेव्हाच थरथरायचे थांबतात. दुपारभर तो माझ्यासमोर बसतो, आणि चौदा-पंधरा वर्षांचा, हसरा, भांडखोर पर्सी परत आलाय असं वाटतं. अर्धवट चित्र मात्र कोणी हलवायचं नाही. हलवलं की ओरडणं सुरू, मग रात्र गेली.

खोड तीच, आपल्याकडे घराघरात असते ती. शेवटचा तुकडा आपणच लावायचा म्हणून एखादा आधीच गुपचूप खिशात घालायचा. पाद्रीसाहेबसुद्धा करतात. हरवलेल्यांपैकी निम्मे तुकडे पुढच्या टपालाने येतात, ‘माफ करा, कोटाच्या खिशात निघाला’ अशा चिठ्ठीसकट. पर्सी त्यांचा राजा. हॅनाफर्डनी मात्र त्याला पकडलं आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. म्हणाले, वडिलांचा एकच नियम होता, या छताखाली तुकडा खिशात घालायचा नाही. सभासदांनी हा चावटपणा आपापल्या घरी करावा. पर्सीने मान डोलावली, म्हणजे ऐकणार नाही.

एक विचारायचं होतं ते विचारलं. सगळ्या चिठ्ठ्यांवर नऊ वर्षं एकच सही आहे, डी. लस्कम, गोल बायकी अक्षर. या कोण? हॅनाफर्ड गोंधळले. म्हणाले, तुमच्याआधी इथे कोणी नव्हतं, तपासणी मीच करायचो, सही माझीच असेल. त्यांचं अक्षर मी पाहिलंय, कोंबडीने पाय नाचवल्यासारखं.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

आज टपालात एक जास्तीचा डबा आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही, वहीत नोंद नाही. झाकणावर ‘रविवारचा चहा, तुकडे चारशे’. विचारायला खाली जाणार तोवर पर्सीने उघडून कडा लावायला घेतलीसुद्धा. आता काढून घेणं माझ्या बापाच्याने होणार नाही, राहू दे.

लाकूड जाड, जुनं. कापकाम फार सुंदर. टेबल, पांढरं कापड, केक. टेबलापाशी चष्मा लावलेली एक बाई, राखाडी स्वेटर, हातात पेन. चहाला बसताना पेन कशाला घेतलं असेल?

दुपारी मधोमध एक भोक राहिलं, तुकडा कुठे मिळेना. पर्सी छताकडे बघत शीळ घालत होता. मी दमले होते, वाद घातला नाही.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

काल सकाळी गंमत झाली. पर्सी मोठ्या थाटात खिशातला तुकडा काढून लावायला गेला तर भोक भरलेलं! मी लावला म्हणून माझ्यावर आग पाखडली. मी कशाला लावू, आणि लावणार काय? त्याचा तुकडा त्याच्या हातातच होता. त्याने तो शेगडीत भिरकावला आणि दिवसभर अबोला धरला.

लागलेल्या तुकड्यावर पिवळी किटली आहे. झाकणाचा टवका उडालाय, तोसुद्धा रंगवलाय. आम्ही आल्यापासून चहा पातेल्यातच उकळतोय, तशी एखादी घ्यायला हवी.

शनिवार, २० ऑक्टोबर

झोप नाही. पर्सीला शुक्रवारी दोनदा झटका आला, धरून धरून माझे दंड भरून आलेत. आणि वर हे नवीन खूळ. जेवताना अर्धा मासा बशीत घालतो, टेबलाखाली ठेवतो, आणि बशीकडे बघत रडतो. कोणासाठी ठेवलास म्हणून विचारलं तर म्हणे मला काय माहीत, तू सांग. बशी उचलून उचलून माझी कंबर गेली.

त्याने परवा पुन्हा एक तुकडा लपवला होता, काल सकाळी तीही जागा भरली. चित्रातल्या बाईच्या पायाशी आता एक काळं मांजर आहे, गळ्याशी पांढरा पट्टा.

सोमवार, २२ ऑक्टोबर

एका डब्याची तारीख लागत नव्हती म्हणून ही वही मागे चाळली. माझ्याच अक्षरात लिहिलंय की आईच्या पिवळ्या किटलीत चहा केला.

कुठली किटली? आईकडे किटली होती? मी डोळे मिटून आईचं स्वयंपाकघर आठवलं, फळीन् फळी आठवली. किटली नाही. आणि बिशप नावाचं मांजर. मला एक मांजर आठवत नाही! अर्धा मासा खाऊन गेलेलं!

वही घेऊन तशीच खाली गेले. हॅनाफर्ड म्हणाले की कारखान्यात मांजर कधीच नव्हतं. बोलताना हात पुढे केला होता, त्यावर चार ताजे ओरखडे. मी बोट दाखवलं. ते हाताकडे बघत स्टुलावर बसले.

मग सांगितलं. तो डबा वडिलांनी कापला होता. कोणाला धाडत नाहीत. मागच्या फळीवर ठेवला तरी केव्हातरी तिथून जातो आणि टपालाने परत येतो. वडील म्हणायचे की त्याला तुकडा लपवलेला खपत नाही. कोणी लपवला तर रात्रीतून त्या जागी घरातलं काहीतरी घेतो. घेतलेलं कोणाच्या आठवणीत राहत नाही. पुरा झाला की मात्र शांत बसतो. मी विचारलं, हे आम्हाला का नाही सांगितलं? तर म्हणाले, मला म्हाताऱ्याची बडबड वाटायची. घेतलेलं आठवतच नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा?

चष्मेवाली बाई. हातात पेन. नऊ वर्षांच्या सह्या. डी. लस्कम.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आज तिघे मिळून बसलो. दुसरं सगळं काम बंद. मी पर्सीला हात जोडून सांगितलं की राजा, आज एकही तुकडा लपवू नकोस. हो म्हणाला.

चार वाजता संपत आलं. दोनच भोकं उरली, टेबलापाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी. ट्रेवर तुकडा एकच. त्यावर रिकाम्या खुर्चीची पाठ.

दुसरा पर्सीकडे. विचारलं तर हसतो. रविवारचा चहा आहे, रविवारी लावीन म्हणतो. मेब, तुला नेहमी घाई.

खिसे पाहिले. बूट, मोजे, गादी उसवून पाहिली. हॅनाफर्डनी पाय धरले, मी हात. तो ओरडला तेव्हा सोडून दिलं. हॅनाफर्डनी कागद ठेवून घाईघाईने नवा कापला. दोनदा कापला. बसत नाही. त्यांचा तुकडा बसला नाही असं कधी झालेलं नाही.

मी रात्रभर त्याचा हात धरून बसणार आहे.

बुधवार, २४ ऑक्टोबर, सकाळ

आहे. पर्सी आहे. भोकही आहे. काल नाही घेतलं. का, देव जाणे.

त्याला सगळं सांगितलं. किटली, मांजर, सगळं. त्याला पटत नाही. म्हणे, तुला शेवटचा तुकडा स्वतः लावायचाय म्हणून गोष्टी रचतेस. लहानपणीही अशीच होतीस. मी रडले तर माझी नक्कल केली.

दुपार

पुन्हा सगळं शोधलं. फरशीच्या फटी. शेगडीची राख. हाडं दुखतायत. दोन रात्री जागी आहे — दोन कसल्या, सतरा वर्षं.

एकच क्षण मनात आलं की घेऊ दे. आठवणारही नाही. दुखणारही नाही. झोपायला मिळेल.

लिहिलंय. खोडणार नाही. लाज वाटते, पण आलं मनात.

डोळे मिटतायत. त्याचा हात माझ्या हातात आहे. तो गालातल्या गालात काहीतरी —

गुरुवार, २५ ऑक्टोबर

आज नऊपर्यंत झोपले! कित्येक वर्षांत इतकी गाढ झोप लागली नव्हती. जाग आली ती खुर्चीत, हात पुढे पसरलेला, तेवढा बधिर झाला होता.

चित्र जवळजवळ पुरं. एका खुर्चीवर आता तपकिरी कोटातला माणूस आहे. चेहरा मिस्कील, एक गाल फुगलेला, तोंडात काही धरल्यासारखा. बरा आहे दिसायला. एकच भोक उरलंय, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीचं. तुकडा ट्रेवरच आहे, उद्या लावीन.

एका माणसाला दोन पलंग कशाला ते कळत नाही. हॅनाफर्डना विचारलं, तर म्हणाले आधीचाच असेल, काढून टाकू. दंडांवर निळे डाग आहेत, कशाने पडले कोण जाणे. खाली करवत चालते. बाकी शांत आहे. किती शांत.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

तारखेसाठी वही उघडली.

पर्सी कोण?

पानापानावर आहे. माझं अक्षर. भाऊ, लिहिलंय. मला भाऊ —

सगळं वाचलं. दोनदा. बुधवारचं वाचवत नाही. मी असं लिहिलं? कोणाविषयी? ज्याच्याविषयी लिहिलं तो टेबलावर आहे, लाकडावर, हसतोय, आणि मला काहीही वाटत नाही. काहीच नाही. रस्त्यातल्या माणसाकडे बघावं तसं.

शनिवार, २७ ऑक्टोबर

बोटांनी, सुईने, चाकूने. निघत नाही. शिंकेने मोडणारी चित्रं इथे — आणि हे हलत नाही. किटली नाही, मांजर नाही, तो नाही. उलटं केलं, आपटलं. टेबल तडकलं, चित्र नाही.

हॅनाफर्डना वही वाचून दाखवली. ते रडले. मग म्हणाले, मिस क्रोकर, तो तुकडा लावून टाका. पुरं करा. डबा बांधून टाकू. नोकरी आहे, खोल्या आहेत, झोप लागतेय. उद्या ही वही जाळलीत की दुःखसुद्धा उरणार नाही. तुमच्या भल्याचं सांगतो.

खरं आहे त्यांचं. इतकं सोपं कोणाच्या वाट्याला येतं?

मोठ्याने म्हणून पाहिलं. पर्सी. पर्सी. पर्सी. नुसता आवाज. आईचं मरण आठवतं, उशी, औषधाची बाटली, तिचे हलणारे ओठ. काय म्हणाली ते नाही. मी मान डोलावली होती, तेवढं आठवतं. कशाला डोलावली?

रविवार, २८ ऑक्टोबर

तीन वाजले. तुकडा ट्रेवर नाही. शेगडीत टाकला. मीच टाकला. जळायला वेळ लागला, लाकूड चिवट.

हॅनाफर्डना खाली चिठ्ठी ठेवली. वाचतील तेव्हा कोणाची ते कळणार नाही. नव्या बाईंना आल्या दिवशीच सांगा, एवढंच लिहिलंय.

मला भाऊ आठवत नाही, माया वाटत नाही. पण शब्द मी दिलाय. आठवत नाही म्हणून सुटत नाही.

साडेतीन

रात्रीपर्यंत थांबायला नको वाटतं डब्याला. पाय थंड. पायांवरून काहीतरी मऊ — मांजर. बिशप. बिशप! मासा खाल्ला होता याने. आठवलं —

करवत ऐकू येत नाही. चहाचा वास. आईची किटली खिडकीपाशी असायची, डावीकडे, तिच्यावर विणलेली टोपी —

मिस लस्कम कोणाशी बोलत नाहीत. नुसत्या लिहितात. हवेत.

पर्सी. माझा पर्सी. सात वर्षांचा, जिन्यावर बसलेला, मूठ घट्ट मिटलेली, मेब, सांग कुठल्या हातात — किती रे छळलंस —

बघतोय माझ्याकडे. मान वळवता येत नाही त्याला. चिडलाय. म्हणतोय की तुला कोणी यायला सांगितलं होतं, वेडे, मी तोंडात धरून ठेवला होता तो तुकडा तुझ्याच जागेचा, तुला घेऊ नये म्हणून, आणि तू